कुदळ मारण्यापूर्वी

पायाखालच्या जमिनीत काय आहे, हा प्रश्न एके काळी शेतकऱ्याला आणि विहीर खोदणाऱ्यालाच पडत असे. आज तो शहरातल्या प्रत्येक गृहस्थाला पडला पाहिजे. आपल्या बडोद्यात १९७२ सालापासून नळावाटे घरात गॅस येऊ लागला. पुढे इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद आणि गोवा येथेही असे नळ टाकले गेले. दाभोळहून बंगळुरूकडे जाणारी मोठी वायुवाहिनी तर बेळगाव जिल्ह्यातील जमिनीखालून गेली आहे. म्हणजे ज्या रस्त्यावरून आपण रोज चालतो, त्याच्या हात-दोन हात खाली एक ज्वालाग्राही वायू रात्रंदिवस वाहत असतो. तो निमूटपणे वाहतो, म्हणूनच त्याचा आपल्याला विसर पडतो. आणि एखाद्या सकाळी कोणीतरी तेथे कुदळ मारतो.

हा वायू मुख्यतः मिथेन होय. त्याला रंग नाही आणि मूळचा वासही नाही. आपल्याला येणारा उग्र दर्प हा त्यात मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टन नावाच्या द्रव्याचा असतो. हवेत या वायूचे प्रमाण शेकडा ५ ते १५ झाले, की एक ठिणगीही पुरते. तो हवेपेक्षा हलका असल्यामुळे उघड्यावर सुटला तर वर निघून जातो. परंतु वर डांबराचा किंवा काँक्रीटचा थर असेल, तर तो जमिनीखालून आडव्या वाटा शोधतो. गटार, केबलची नळी, घराच्या पायाजवळची सैल माती, यांपैकी कोणतीही वाट त्याला चालते. शिवाय मातीतून जाताना त्याचा दर्प मातीत शोषला जाण्याचा संभव असतो. त्यामुळे नळ रस्त्यात फुटावा आणि भडका पलीकडच्या घरात उडावा, असेही घडू शकते.

शहरातील गल्ल्यांतून बहुधा पिवळ्या किंवा नारिंगी रंगाचे प्लॅस्टिकचे नळ असतात. ते गंजत नाहीत, पण टिकावाच्या एका घावाने कापले जातात. गावोगाव जाणाऱ्या मोठ्या वाहिन्या पोलादी असतात. त्या सहसा एका घावाने फुटत नाहीत. आणि खरा धोका येथेच आहे. यंत्राचा दात लागून पोलादाला ओरखडा पडतो, वरचे संरक्षक आवरण निघते, आणि वायू मात्र बाहेर येत नाही. खोदणाऱ्याला वाटते, काही झाले नाही. तो माती लोटून पुढे जातो.

असा ओरखडा काय करू शकतो, हे बेल्जममधील गिस्लेंगियें येथे दिसून आले. तेथील औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या बांधकामाच्या वेळी उच्च दाबाच्या वायुवाहिनीला यंत्राने इजा झाली होती. ती इजा कोणी वेळेवर कळविली नाही. ३० जुलै २००४ रोजी सकाळी वास येऊ लागला, म्हणून अग्निशामक दलाचे जवान तेथे पोहोचले. काही वेळातच नळ फुटून प्रचंड स्फोट झाला. २४ माणसे मृत्यू पावली आणि शंभराहून अधिक जखमी झाली. मृतांत मदतीला धावून आलेले जवानही होते. ज्या दिवशी ओरखडा पडला, त्या दिवशी कोणी एक शब्द बोलला असता, तर नळातील दाब कमी करून तो भाग दुरुस्त करता आला असता.

म्हणून मला आज दोनच गोष्टी सांगावयाच्या आहेत. खोदण्यापूर्वी विचारावे, आणि नळाला काही लागले तर सांगावे.

विचारणे आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. २२ मार्च २०२३ रोजी केंद्र सरकारने ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचे ॲप सुरू केले. कोठे आणि केव्हा खोदावयाचे आहे हे त्यावर कळविले, की तेथे ज्यांच्या केबल किंवा नळ आहेत त्यांना सूचना जाते. बेपर्वा खोदकामामुळे देशाचे दर वर्षी सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असे त्या वेळी सरकारने सांगितले होते. ज्याला हे साधन वापरता येत नसेल, त्याने गॅस कंपनीच्या स्थानिक कार्यालयात दूरध्वनी करावा आणि तिचा माणूस येऊन जागा दाखवीपर्यंत थांबावे.

तथापि नकाशावर सर्वस्वी विसंबून चालत नाही. नळ टाकल्यानंतर रस्ता कित्येकदा उकरला जातो, कधी उंच होतो, कधी खचतो. नकाशात मीटरभर खोल दाखविलेला नळ प्रत्यक्षात वीतभर खालीही सापडू शकतो. यासाठी आधी हाताने लहान चाचणी-खड्डे घेऊन नळ डोळ्यांनी पाहावा आणि मगच यंत्र लावावे. नळाच्या जवळ यंत्र, पहार आणि टिकाव वर्ज्य समजावेत. बोथट फावड्याने माती हळूहळू काढावी. खोदताना प्लॅस्टिकची रंगीत पट्टी लागली, तर तेथेच हात थांबवावा. ती पट्टी कचरा नव्हे; खाली नळ आहे, हे सांगण्यासाठीच ती पुरलेली असते.

शेतकरी बंधूंनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९६२ च्या कायद्यान्वये वाहिनीसाठी वापर-हक्क घेतलेल्या पट्ट्यात पीक घेता येते. परंतु घर बांधणे, विहीर किंवा तळे खोदणे आणि झाड लावणे यांना मनाई आहे. बांधावरचे खुणेचे खांब त्यासाठीच असतात. ते उपटून टाकणे म्हणजे पुढच्या माणसाचे डोळे बांधण्यासारखे आहे.

इतके करूनही नळ फुटलाच, तर काम तत्काळ सोडावे. विडी, काडी, विजेचे बटण, वाहन, यांपैकी काहीही तेथे पेटवू वा चालू करू नये. लोकांना वारा येतो त्या दिशेला दूर न्यावे. दूर गेल्यावरच मोबाइल बाहेर काढून गॅस कंपनीला आणि ११२ किंवा १०१ या क्रमांकावर कळवावे. नळ वाकवून किंवा चिंध्या कोंबून गळती बंद करण्याच्या फंदात पडू नये. फुटलेल्या नळावर माती तर कधीही लोटू नये. माती लोटल्याने वायू थांबत नाही, तो फक्त आपल्या नजरेआड होतो आणि कोणाच्या तरी घराकडे वळतो. वायू पेटलाच असेल, तर ज्वाला विझविण्याचा हट्ट धरू नये. व्हॉल्व्ह बंद करणे हाच त्यावरचा उपाय आहे आणि ते काम कंपनीच्या माणसांचे आहे.

आता दुसरी गोष्ट, सांगण्याची. ती अधिक कठीण आहे. खड्ड्यात उतरलेला मजूर बहुधा रोजंदारीवर असतो, नाहीतर किती मीटर चर खोदला यावर त्याचे दाम ठरते. कुदळ नळाला लागली असे त्याने सांगितले, तर काम थांबणार, मुकादम रागावणार आणि कदाचित त्या दिवसाची मजुरीही बुडणार. गप्प राहिल्यास मात्र त्याचे काहीच जात नाही. अशा वेळी त्याने सत्य बोलावे, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करावी? मी शाळामास्तर आहे. वर्गात काच फुटली आणि आपण होऊन पुढे आलेल्या मुलाला छडी बसली, तर त्या दिवसापासून काचा फुटावयाच्या थांबत नाहीत. पुढे येणारी मुले तेवढी थांबतात. न विचारता खोदणाऱ्या कंत्राटदाराला अवश्य दंड व्हावा. परंतु नळाला धक्का लागल्याचे त्याच क्षणी सांगणाऱ्या मजुराचा एक पैसाही कापला जाऊ नये, ही अट प्रत्येक कंत्राटात लिहिली गेली पाहिजे.

आणि हे केवळ नगरपालिकेचे आणि कंपन्यांचे काम आहे, असे मानू नका. आपणही कुंपणाचा खांब रोवण्यासाठी, सांडपाण्याची वाहिनी बदलण्यासाठी किंवा बोअर घेण्यासाठी माणसे बोलावतो. त्यांच्या हातात पहार देण्यापूर्वी गॅस कोठून येतो हे विचारून घ्या, ती जागा चुन्याने आखून द्या आणि त्यांना स्पष्ट सांगा, “काही लागले तर हाक मारा; मजुरी पूर्ण मिळेल.”