काजव्यांची खोटी हाक



मृग निघण्याच्या आधी पंधरा-वीस दिवस भंडारदरा, राजमाची या बाजूच्या रानात झाडेच्या झाडे काजव्यांनी लुकलुकू लागतात. तो देखावा पाहून आलेले पोर शाळेत विचारते, “गुरुजी, काजवा चमकतो कशाला?” उत्तर दोन शब्दांत देता येते : लग्न जमवायला. हा उजेड पोटातल्या रसायनांचा असतो, त्याला ऊब नसते, हे सारे पुस्तकात आहे. ते आज बाजूला ठेवू. मला सांगायची आहे ती या उजेडातल्या फसवणुकीची हकीकत. ती आपल्याकडच्या काजव्यांची नव्हे, अमेरिकेतल्या काजव्यांची आहे.

तिकडे पूर्वेकडच्या राज्यांत उन्हाळ्याच्या संध्याकाळी गवतावरून फोटिनस नावाचे काजवे उडतात. त्यांच्या जाती पुष्कळ आणि दर जातीची खूण निराळी. फोटिनस पायरॅलिस या जातीचा नर उडता उडता खाली झोका घेतो, वर उठताना एकदा चमकतो आणि सुमारे ६ सेकंदांनी पुन्हा चमकतो. गवताच्या पात्यावर बसलेली मादी त्याला लगेच उत्तर देत नाही. सुमारे २ सेकंद थांबते आणि मग एकदाच चमकते. सारी मेख या थांबण्यात आहे. उत्तर लवकर आले किंवा उशिरा आले, तर नर समजतो की ही आपली नव्हे, आणि पुढे जातो. पण तुम्ही हातात लहानशी बॅटरी घेऊन, मनात मोजून, नेमक्या वेळी बटण दाबले तर तो बिचारा बॅटरीकडेसुद्धा येतो!

आता जे माणसाच्या बोटाला जमते, ते दुसऱ्या किड्याला का जमू नये?

त्याच गवतात फोटुरिस नावाचे काजव्यांचे दुसरे कूळ राहते. अंगाने थोराड, पायांनी लांब. त्यातल्या काही जातींची मादी आपल्या जातीच्या नराशी संग होईपर्यंत त्याच्याच खुणेला उत्तर देते. संग झाला, की थोड्याच दिवसांत तिची वागणूक पालटते. मग फोटिनसचा नर डोक्यावरून चमकत गेला, की ती बरोबर त्याच्या मादीइतकी थांबते आणि त्याच्या मादीसारखी चमकते. नर उतरतो. ती झडप घालते आणि त्याला खाऊन टाकते.

रामायणातला मारीच तुम्हांला ठाऊक आहे. तो सोन्याचा मृग झाला हे खरे, पण मरताना त्याने रामाच्या आवाजात लक्ष्मणाला हाक मारली, ते जास्त घातक ठरले. ही मादी रूप बदलण्याच्या भानगडीत पडत नाही. अंधारात रूप पाहतो कोण? ती नुसती हाक उचलते.

जेम्स लॉइड या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञांनी १९६५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हा प्रकार मांडला. पुढे १९७५ साली त्यांनी याहून नवलाची गोष्ट सांगितली. एकच मादी एकाहून अधिक जातींच्या नरांना फसवते, आणि समोरच्याची खूण पाहून आपले उत्तर बदलते. एवढ्याशा किड्याच्या मेंदूत हे हिशेब कसे मावतात, याचे मला अजून आश्चर्य वाटते.

तुम्ही म्हणाल, नर इतका खुळा कसा? तो खुळा मुळीच नाही. उत्तर मिळाले म्हणून तो एकदम अंगावर जाऊन पडत नाही. जरा अलीकडे उतरतो, पुन्हा चमकून पाहतो, उत्तर पारखतो, मग पायी पायी पुढे सरकतो. पुष्कळदा तो निसटतोही. पण संशय घ्यायचा तरी किती? दर उत्तराला जो भिईल त्याचा जीव वाचेल, पण वंश राहणार नाही. एकेका मादीमागे कितीतरी नर हिंडत असतात. खऱ्या उत्तराला जाण्यात कुचराई झाली, तर दुसरा पुढे जातो.

आता मादीकडे वळू. नुसते पोटच भरायचे, तर रानात दुसरे किडे काय थोडे आहेत? मग काजव्याचाच हव्यास का? याचा उलगडा कॉर्नेल विद्यापीठातल्या टॉमस आइस्नर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. फोटिनसच्या अंगात एक कडू विष असते. भेकाच्या, म्हणजे मोठ्या खरबरीत बेडकाच्या अंगातल्या विषाशी त्याचे जवळचे नाते आहे. त्यामुळे कोळी आणि पाखरे फोटिनसला तोंडातून टाकून देतात. फोटुरिसची मादी मात्र हे विष पुरेसे जमवू शकते ते फोटिनस खाऊनच. १९९७ साली या मंडळींनी आपले प्रयोग प्रसिद्ध केले. ज्यांच्या अंगात विष नव्हते अशा माद्या उड्या मारणाऱ्या कोळ्यांपुढे सोडल्या, तर कोळ्यांनी त्या बऱ्याच खाल्ल्या. फोटिनस खाल्लेल्या माद्यांना त्यांनी नाकारले. काही माद्यांना निव्वळ ते विषच चारून पाहिले; त्यांनाही कोळ्यांनी सोडले. या मादीला कुणी डिवचले, की तिच्या अंगातून रक्ताचे थेंब पाझरतात, आणि ते विष त्या थेंबांत असते. पुढे असेही दिसून आले, की ती या विषाचा वाटा आपल्या अंड्यांनाही देते. तेव्हा ही शिकार म्हणजे तिची आणि तिच्या लेकरांची शिदोरी आहे.

शिक्षकांनी वर्गात सांगताना आणखी एक गंमत जोडावी. शिकारीला लागलेली ही मादी स्वतःच्या जातीच्या नराच्या खुणेला दाद देईलच असे नाही. मग त्याने तिला शोधावे कसे? काही फोटुरिस जातींचे नर फोटिनसच्या नरासारखे चमकतात, असे लॉइड यांनी १९८० साली दाखविले. त्यांचा तर्क असा, की भक्ष्य आले असे समजून मादी उत्तर देते, आणि त्या उत्तराने तिचा ठावठिकाणा त्या नराला कळतो.