जठराच्या शस्त्रक्रियेनंतरचे जीवन आणि भ्रमणध्वनीचे साहाय्य



२९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्ना येथे थिओडोर बिलरोथ या शल्यविशारदांनी एका ४३ वर्षांच्या स्त्रीच्या जठराचा कर्करोगग्रस्त भाग काढून उरलेले जठर आतड्यास जोडले. ती शस्त्रक्रियेतून सुखरूप बाहेर आली, परंतु रोग पुन्हा उद्भवून सुमारे चार महिन्यांनी निवर्तली. १८९७ मध्ये झुरिच येथे कार्ल श्लाटर यांनी तर संपूर्ण जठर काढले. त्या काळी प्रश्न एकच होता : रुग्ण जगेल काय?

आज दक्षिण कोरियात हा प्रश्न पुष्कळ अंशी मागे पडला आहे. हा रोग तेथे फार आढळतो. म्हणून १९९९ पासून शासनाने तपासणीची राष्ट्रीय योजना हाती घेतली. वयाच्या चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी जठराची तपासणी होते, रोग लवकर सापडतो आणि पाऊण हिश्शाहून अधिक रुग्ण पाच वर्षांचा टप्पा ओलांडतात. साहजिकच तेथील वैद्यकांपुढे दुसरा प्रश्न उभा राहिला : वाचलेल्या माणसाने जेवावे कसे?

जठर म्हणजे शरीराचे कोठार. ते गेले वा लहान झाले की अन्न थेट आतड्यात उतरते. गोड वा पातळ पदार्थ भराभर घेतल्यास अर्ध्या तासाच्या आत घाम, धडधड, पोटात मुरडा आणि जुलाब होतात. कित्येकांना एक ते तीन तासांनी रक्तातील साखर उतरून भोवळ येते. म्हणून दिवसातून सहा वेळा थोडे थोडे खावे, सावकाश चावावे, पाणी जेवताना न पिता मधल्या वेळेत प्यावे, असे सांगितले जाते. सांगणे सोपे आहे. पंगतीत चार घासांवर उठणाऱ्या माणसाला आग्रह करणारे आप्तेष्ट हे ऐकत नाहीत, आणि तो बिचारा संकोचाने पाचवा घास घेतो. वजन उतरत जाते. तक्रार मात्र तो करीत नाही. प्राण वाचले, आता कुरकुर कशाला, अशी त्याची समजूत असते.

नेमका येथेच भ्रमणध्वनी उपयोगी पडतो. युरोपातील कर्करोग संशोधन संघटनेने जीवनमान मोजण्यासाठी ३० प्रश्नांची एक प्रश्नावली आणि जठराच्या रुग्णांसाठी २२ प्रश्नांची जोड सिद्ध केली आहे. खाण्यास आरंभ करताच पोट भरल्यासारखे होते काय, जेवण संपण्यास फार वेळ लागतो काय, चव बदलली काय, असे साधे प्रश्न. तपासणीच्या दिवशी माणूस 'बरे आहे' म्हणून मोकळा होतो. घरी बसून दर आठवड्यास उत्तरे नोंदविली तर खरे चित्र उमटते. व्यापाऱ्याने रोजमेळ न लिहिता दिवाळीला ताळेबंद मांडावा, तशीच गत केवळ सहामाही तपासणीची होते.

मात्र नोंद कोणी वाचणार नसेल तर ती व्यर्थ. २०१७ मध्ये न्यूयॉर्क येथील एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. रसायनोपचार घेणारे, निरनिराळ्या अवयवांचा कर्करोग पसरलेले ७६६ रुग्ण त्यात होते. ज्यांच्या तक्रारी संगणकावरून थेट परिचारिकेपर्यंत पोहोचल्या, त्यांच्यातील निम्मे रुग्ण ३१ महिन्यांहून अधिक जगले. नेहमीच्या पद्धतीच्या गटात हा आकडा २६ महिने होता. हे जठराचे रुग्ण नव्हते, तेव्हा तोच हिशेब येथे लावता येणार नाही. परंतु परिचारिकेने तक्रार वाचून उलट दूरध्वनी केला, औषध बदलले, हे त्यातील मर्म येथेही लागू पडते. परदेशातून आणलेले नुसते यंत्र पुरणार नाही. कोरियातील आहारसूचीत तांदळाची पेज असते, ती आपल्याकडेही चालेल. पण त्यापुढील सूची मऊ खिचडी, मुगाचे वरण, ताजे दही अशा आपल्या स्वयंपाकघरातील शब्दांत हवी. सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या घरात सहा वेळांची आठवण दिवसाच्या प्रकाशातच बसवावी लागेल. भरल्या पोटी आडवे न होण्याच्या दृष्टीने तर ही चाल हिताचीच आहे. उपवासाचा निर्णय मात्र डॉक्टरांना विचारूनच व्हावा. ज्या वृद्धांना अक्षरे दिसत नाहीत, त्यांच्या नोंदी सुनेने वा नातवाने कराव्यात.

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातून शस्त्रक्रिया करून दूर गावी परतणाऱ्यास दर वेळी मुंबईस येणे परवडत नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या शासनाच्या ई-संजीवनी सेवेतून डॉक्टरांचा सल्ला दुरून मिळू शकतो. त्या सल्ल्यात एक गोष्ट आवर्जून विचारावी. जठराच्या अस्तरातून पाझरणाऱ्या घटकाविना बी-१२ हे जीवनसत्त्व अन्नातून नीट शोषले जात नाही. यकृतातील साठा कित्येक वर्षे पुरतो, म्हणून उणीव उशिरा उघड होते. शाकाहारी माणसात तो साठा मुळातच कमी असू शकतो. हातापायांना मुंग्या येईपर्यंत थांबू नये. संपूर्ण जठर काढलेल्यांना बी-१२ ची इंजेक्शने ठराविक अंतराने बहुधा आयुष्यभर घ्यावी लागतात. पुढच्या इंजेक्शनची तारीख रुग्णाच्या आणि घरातील आणखी एकाच्या, अशा दोन्ही भ्रमणध्वनींवर नोंदवून ठेवावी.