कथेखाली दबलेले गाणे



ज्या कलावंतावर आपण वर्षानुवर्षे लोभ केला, त्याच्या हातून एखादी कृती फसली म्हणजे मन मोठ्या पेचात सापडते. दोष बोलून दाखवावा तर कृतघ्नपणा वाटतो. गप्प बसावे तर स्वतःशीच लबाडी होते. ‘ड्रीम थिएटर’ या अमेरिकन वाद्यवृंदाच्या ‘द अस्टॉनिशिंग’ या ध्वनिमुद्रिकेने मला अशाच पेचात टाकले. ती २०१६ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाली. तिच्याविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

हा वृंद १९८५ साली बोस्टनच्या बर्कली संगीतविद्यालयात तीन विद्यार्थ्यांनी उभा केला. त्याच्या संगीताला प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात. विजेच्या गिटारींचा दणदणीत नाद, पावलोपावली बदलणारी विषम तालचक्रे आणि वीसवीस मिनिटांपर्यंत चालणाऱ्या रचना हे त्याचे विशेष. प्रथमदर्शनी हा गोंगाट वाटतो. पण कान स्थिरावला की त्यातील बांधणी उलगडू लागते. १९९९ साली याच मंडळींनी ‘सीन्स फ्रॉम अ मेमरी’ ही कथासूत्रात गुंफलेली ध्वनिमुद्रिका काढली. संमोहनाच्या अवस्थेत एका तरुणाला १९२८ सालच्या एका खुनाचा माग लागतो, एवढीच तिची कथा. पात्रे थोडी; आणि उत्तरार्धात ‘द डान्स ऑफ इटर्निटी’ ही शब्दावाचूनची रचना येई. कथा अर्धी सांगून संगीत पुढे निघे आणि उरलेली अर्धी श्रोत्याने आपल्या मनाशी पुरी करावी. त्या आठवणीवर विसंबून मी २०१६ ची नवी कृती ऐकावयास बसलो.

नव्या कृतीची कथा गिटारवादक जॉन पेट्रुची यांची. साल २२८५; अमेरिकेत एक साम्राज्य उभे आहे आणि समाज जणू पुन्हा मध्ययुगात गेला आहे. माणसांनी गाणे सोडले असून ‘नोमॅक्स’ नावाची यंत्रे नाद निर्माण करतात. अशा काळी रेव्हन्सकिल गावच्या गेब्रिएल या तरुणाला गाण्याची देणगी लाभते. त्याचे गाणे ऐकून राजकन्या त्याच्यावर अनुरक्त होते आणि सम्राटाला त्यात राज्याचा धोका दिसतो. पुढे बंड आहे, भावाचा मोह आणि पश्चात्ताप आहे, राजपुत्राचे कपट आहे आणि अखेरीस गाण्याच्या बळावर मृत्यूच्या दारातून परत आणलेली राजकन्याही आहे.

या कथेसाठी दोन अंक, चौतीस रचना आणि सुमारे एकशे तीस मिनिटे खर्ची पडली. डेव्हिड कॅम्पबेल यांनी वाद्यमेळ बांधला. प्रागचा वाद्यवृंद आणि गायकसमूह साथीला घेतले. मुख्य पात्रे आठ. आणि त्या आठांचे गाणे जेम्स लब्री हा एकच गायक गातो! आपला कीर्तनकारही एकटाच द्रौपदी होतो, दुःशासन होतो आणि कृष्णही होतो. पण दोन पदांच्या मध्ये त्याला गद्य बोलता येते. उपरणे डोक्यावरून घेऊन क्षणात त्याला स्त्रीवेष साधता येतो. लब्री यांच्या हाती केवळ आवाज. त्यांनी तो परोपरीने बदलून पाहिला, तरी हातात कागद धरल्यावाचून बाप कोण बोलतो आणि लेक कोण, हे मला पुष्कळदा कळले नाही.

तथापि माझे खरे दुःख याहून निराळे आहे. अंकारंभीच्या दोन वाद्यरचना आणि यंत्रांच्या घरघराटाचे पाच तुकडे वगळले, तर उरलेल्या सत्तावीस रचनांत गायन आहे आणि त्यांतील बहुतेकांना काही ना काही वृत्तांत सांगावयाचा आहे. आता निरोप पोचवावयाचा, आता पात्राची ओळख करून द्यावयाची, आता कट शिजवावयाचा! ज्यांची बोटे बोलतात म्हणून आपण ऐकावयास जमलो, ते वादक या गर्दीत हरकाम्यांसारखे धावत राहतात. गेब्रिएलचे गाणे ऐकून सारे गाव थक्क होते, असे शब्द सांगतात. पण ते गाणे मागच्यापुढच्या गाण्यांहून आपल्या कानाला फारसे वेगळे लागत नाही. आश्चर्य नुसते सांगून भागत नाही, ते घडवावे लागते. यंत्रांनी संगीत गिळले अशी खंत करणाऱ्या कथेनेच येथे संगीत गिळावे, याला काय म्हणावे?

अन्याय मात्र होऊ नये. ‘अ न्यू बिगिनिंग’ या रचनेच्या अखेरीस पेट्रुचींची गिटार कथेचा हात सोडून मोकळी धावते. राजकन्येच्या मनातले बंड तिथे शब्दांनी सांगितले नव्हते इतके कळते. जॉर्डन रुडेस यांच्या पियानोवरही काही हळुवार क्षण आले आहेत. ते ऐकताना वाटते, चौतीसांतील दहाबाराच रचना ठेवल्या असत्या तर? मोठे स्वप्न पाहिले म्हणून कोणी दोषी ठरत नाही. पण गाळण्याचे धैर्य नसले म्हणजे स्वप्नाचे ओझे होते, आणि ते अखेर श्रोत्याच्या खांद्यावर येते.

२०१९ साली याच वृंदाने ‘डिस्टन्स ओव्हर टाइम’ काढली. नऊ रचना, तासाभराच्या आत, आणि सर्वांना ओवणारी कथा नाही. ती ऐकताना वीस वर्षांपूर्वीची ओळख पुन्हा पटली. मग ती दोन अंकी कृती मी एकदा कथेचा कागद बाजूस ठेवून ऐकली. कोण जिंकले, कोण हरले, याची चौकशी केली नाही. ती चौतीस गाणी काही तेवढ्याने सुधारली नाहीत. पण त्यांच्या गर्दीत चारपाच गाणी अशी भेटली की, त्यांच्यासाठी मी ती ध्वनिमुद्रिका अजून फळीवर ठेवली आहे.