लक्षद्वीपच्या खाजणात : जहाजावरील प्रवाशाने किनाऱ्यावरची सहल कशी निवडावी



लक्षद्वीपच्या वाटेवर असलेल्या प्रवासी जहाजात, बेटे नजरेच्या टप्प्यात येण्यापूर्वीच एका टेबलाशी रांग लागते. टेबलावर छापील तक्ता असतो. काचतळाच्या नावेतून फेरी, कयाक, स्नॉर्केलिंग, कयाक व स्नॉर्केलिंग एकत्र. पुढे दर, शेजारी वेळ. रांगेतला मनुष्य दर वाचतो, मागच्यांची घाई त्याच्या कानांवर येत असते, आणि बोट एखाद्या ओळीवर टेकते. दहा मिनिटांत उरकलेल्या या निवडीवर एका संपूर्ण दिवसाचा आनंद अवलंबून असतो; क्वचित प्रसंगी प्राणही. ही निवड घरीच, डोके थंड ठेवून कशी करता येईल, हा आजच्या भाषणाचा विषय होय.

हा विषय महाराष्ट्राला आता परका राहिलेला नाही. पूर्वी लक्षद्वीपची सहल म्हटली की कोची गाठणे आले. तेथून निघणाऱ्या, लक्षद्वीप प्रशासनाच्या ‘समुद्रम्’ या सहलीने कवरत्ती, कल्पेनी व मिनिकॉय ही बेटे दिवसा दाखवून रात्री प्रवाशांना पुन्हा जहाजावर आणण्याचा प्रघात पाडला. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईहून पर्यटक जहाजांच्या सहली सुरू झाल्या आणि त्यांच्या कार्यक्रमात लक्षद्वीपचाही समावेश करण्यात आला. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांची तेथे स्नॉर्केलिंग करतानाची छायाचित्रे प्रसिद्ध झाल्यानंतर तर या बेटांविषयीचे कुतूहल देशभर वाढले. प्रवास सवलतीचा हिशेब मांडणारे शिक्षक आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच समुद्रप्रवासाला निघणारे कर्मचारी यांच्या बोलण्यातही आता ‘स्नॉर्केलिंग’ हा शब्द ऐकू येतो. त्यांपैकी अनेकांनी पोहण्याचे शिक्षण गावच्या विहिरीत घेतलेले असते, ही गोष्ट मात्र तक्ता छापणाऱ्याच्या ध्यानात नसते.

निवडीपूर्वी बेटांची घडण समजून घेणे आवश्यक आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी केंद्रशासित प्रदेश झालेल्या आणि १ नोव्हेंबर १९७३ पासून ‘लक्षद्वीप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या समूहात वस्ती असलेली बेटे केवळ दहा आहेत. जमीन सुमारे ३२ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडील काही गावांच्या शिवाराएवढी. परंतु प्रवाळाच्या कड्यांनी वेढलेल्या उथळ पाण्याचे क्षेत्र सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर आहे. बुडत चाललेल्या पर्वताभोवती प्रवाळ वर वर वाढत जाऊन कंकणाकृती बेटे तयार होतात, अशी उपपत्ती चार्ल्स डार्विनने १८४२ साली मांडली होती. अशा कंकणाच्या आतील शांत पाण्याला भूगोलाच्या पुस्तकांत ‘खाजण’ म्हटले आहे. कोकणातील वाचकाच्या डोळ्यांपुढे या शब्दाने खारभूमीतील भातशेती उभी राहील. येथे मात्र पांढऱ्या वाळूच्या तळावर पसरलेले हिरवट-निळे, काही ठिकाणी कमरेइतके तर काही ठिकाणी दोन पुरुष खोल पाणी अभिप्रेत आहे.

बहुतेक बेटे कंकणाच्या पूर्व कडेवर असून खाजण त्यांच्या पश्चिमेस पसरलेले आहे. ही साधी बाब पुढे कयाकच्या संदर्भात फार महत्त्वाची ठरणार आहे.

मोठे जहाज खाजणात शिरू शकत नाही. अनेक ठिकाणी ते कड्याबाहेरच्या खोल समुद्रात उभे राहते आणि प्रवाशांना लहान नावांतून बेटावर नेण्यात येते. जहाजाच्या कुशीतील दारातून हलत्या नावेत पाऊल टाकण्याचा तो क्षण पुष्कळांना अखेरपर्यंत आठवत राहतो. गुडघे दुखणाऱ्या व्यक्तीने खरी निवड येथेच करावयाची असते. चढउतार झेपेल की नाही हे आधी ठरवावे, जलक्रीडा नंतर. लाट मोठी असेल तर उतरणे रद्दही होते, आणि कप्तानाच्या त्या निर्णयावर वाद घालण्यात अर्थ नसतो.

समजा, एक कुटुंब या रांगेत उभे आहे. पासष्ट वर्षांचे निवृत्त मुख्याध्यापक, त्यांच्या पत्नी, मुलगा, सून आणि अकरा वर्षांची नात. मुख्याध्यापकांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. त्यांच्या पत्नीला पोहता येत नाही. मुलगा तलावात पोहतो, समुद्रात कधी उतरलेला नाही. सून कृष्णाकाठची, तिला प्रवाहाची ओळख आहे. नातीला सर्व काही करावयाचे आहे. पाचही जणांची एकाच ओळीवर नोंद करणे ही अशा कुटुंबांकडून होणारी नेहमीची चूक. घराने एकत्र राहावे ही भावना चांगली आहे, पण पाण्यात ती उपयोगी पडत नाही.

प्रथम कयाकचा विचार करू. कयाक म्हणजे एका किंवा दोन माणसांची अरुंद होडी. तिचे वल्हे दोन्ही टोकांना पाती असलेले असते. पर्यटकांना सहसा वरून उघडी, तिच्यावर बसून चालवावयाची होडी देण्यात येते. ती उलटली तरी माणूस आत अडकत नाही, पाणीही साठत नाही. नवशिक्याला ती अर्ध्या तासात जमते, म्हणून कयाक सोपी असे सर्वत्र सांगितले जाते. ते खरे आहे, वारा अनुकूल असेतोवर. हिवाळ्यात या समुद्रावर वारे मुख्यतः ईशान्येकडून वाहतात. बेट पूर्वेस व खाजण पश्चिमेस असल्याने हा वारा किनाऱ्याकडून कड्याकडे ढकलतो. नारळीच्या आडोशामुळे किनाऱ्यालगत त्याचा जोर जाणवत नाही. होडी सुरेख पुढे जाते, वल्हवणाऱ्याला स्वतःच्या ताकदीचे कौतुक वाटू लागते, आणि परत फिरताच खरा प्रकार कळतो. यास्तव जाताना वाऱ्याच्या विरुद्ध आणि येताना वाऱ्याबरोबर, असा मार्ग आखणारा मार्गदर्शक शोधावा. ओहोटीच्या वेळी खाजणातील पाणी कड्यामधील खिंडींतून बाहेर धाव घेते. कोकणाच्या मानाने येथील भरती-ओहोटी लहान असली, तरी खिंडीच्या तोंडाशी ओढ लागतेच. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या दिवसांत ती अधिक असते. आपली होडी खिंडीपासून किती अंतरावर राहील, हा प्रश्न टेबलाशी अवश्य विचारावा. उत्तर देणारा अडखळला तर तेही एक उत्तरच समजावे.

स्नॉर्केलिंगचे साहित्य त्याहून साधे: नाक झाकणारा काचेचा मुखवटा, तोंडात धरावयाची वाकडी श्वासनळी आणि पायांत रबरी पर. पाण्यावर पालथे तरंगत खालचे जग पाहावयाचे. नळी लांब केली तर खोल जाऊन श्वास घेता येईल, असे मुलांना हमखास वाटते. तसे होत नाही. केवळ एक मीटर खोलीवर छातीवर वातावरणाच्या दाबाच्या दशांशाइतका जादा दाब येतो आणि त्याविरुद्ध फुप्फुसे फुगविणे अशक्यप्राय होते. शिवाय नळी जितकी लांब तितकी उच्छ्वासाची वापरलेली हवा पुन्हा आत येते. म्हणून नळी आखूडच असते. मुखवटा निवडताना पट्टा न लावता तो चेहऱ्याशी धरावा आणि नाकाने हलकेच हवा ओढावी. तो न पडता चिकटून राहिला तर बरोबर बसला. चष्मा आत बसत नाही. जाड भिंगे वापरणाऱ्यांनी नंबरचा मुखवटा मिळतो काय याची चौकशी अगोदरच करावी, अन्यथा पैसे भरून केवळ रंगीत धुके पाहण्याचा योग येतो.

या छंदातील खरा धोका मासे वा शार्क यांच्याकडून नसतो. आनंदात तरंगणारा मनुष्य आणि शुद्ध हरपलेला मनुष्य पाण्यावर अगदी सारखेच दिसतात. दोघेही पालथे, दोघेही स्तब्ध, दोघांच्याही नळीचे टोक वर. आरडाओरड नाही, हात हलविणे नाही. किनाऱ्यावरील नातलग कौतुकाने पाहत असतात आणि मोलाची मिनिटे निघून जातात. म्हणून दहा-बारा जणांमागे एक मार्गदर्शक एवढी व्यवस्था पुरेशी मानू नये. जोडीजोडीने उतरावे, दोघांनी दर थोड्या वेळाने डोके वर काढून एकमेकांना खूण करावी. हृदयविकार, दमा किंवा अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय नाव नोंदवू नये. जीवरक्षक जाकिटाविषयी कमीपणा बाळगण्याचे तर काहीच कारण नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ सागरतळाची सैर करून परतणाऱ्या पर्यटकांची नाव उलटली आणि दोघांना प्राण गमवावे लागले. पाण्यातून बाहेर आलो म्हणजे संपले, असे नसते. जाकीट शेवटच्या पायरीपर्यंत अंगावर राहिले पाहिजे.

आता तक्त्यातील शेवटची ओळ, कयाक व स्नॉर्केलिंग एकत्र. ती सर्वांत मोहक, आणि बहुधा सर्वांत महाग. होडी वल्हवत प्रवाळाच्या बेटक्यापाशी जावयाचे, तेथे होड्या बांधून पाण्यात उतरावयाचे, पाहून झाल्यावर पुन्हा होडीत बसून परतावयाचे. किनाऱ्यालगतचा तळ पुष्कळदा नुसत्या वाळूचा असतो. प्रवाळाचे चांगले पुंजके आत असतात, त्यामुळे या सहलीत दिसते पुष्कळ. अडचण एकच, पण मोठी. पाय टेकत नाहीत अशा पाण्यातून होडीवर परत चढावे लागते. दोन्ही हातांनी कड धरून, पाय मारत, पोट होडीवर आडवे टाकावयाचे, मग अंग वळवून बसावयाचे. सांगण्यास सोपे, परंतु वल्हवून दंड दुखत असताना आणि थंडी वाजू लागलेली असताना चाळिशीच्या माणसालाही दोन-तीन प्रयत्न करावे लागतात. किनाऱ्याजवळ कमरेइतक्या पाण्यात ही चढण एकदा करून दाखवावयास लावणारा मार्गदर्शक शिस्तीचा समजावा. तशी परीक्षा न घेता सर्वांना सोबत नेणारा भिडस्त असतो, आणि समुद्रावर भिडस्तपणा कामाचा नाही.

वेळेचा हिशेबही असाच तपासून घ्यावा. ‘तीन तासांची सहल’ या शब्दांत नावेची वाट पाहणे, साहित्याचे वाटप, सूचना आणि परतीचा प्रवास हे सर्व धरलेले असते. पाण्यातील प्रत्यक्ष वेळ किती, हे वेगळे विचारावे. सकाळी वारा मंद असतो, तेव्हा कयाक बरी. सूर्य वर आल्यावर प्रवाळाचे रंग खुलतात, तेव्हा स्नॉर्केलिंग. जहाजाला परतण्याच्या अखेरच्या नावेआधीची फेरी टाळावी. जगातील इतर बंदरांत जहाजाबाहेरील स्वस्त सहल घेऊन उशीर झालेल्या प्रवाशासाठी जहाज थांबत नाही, हा सर्वपरिचित नियम आहे. लक्षद्वीपमध्ये तर प्रवेशासाठी परवाना लागतो आणि कार्यक्रम अधिकृत व्यवस्थेतूनच आखावा लागतो. तेव्हा परस्पर कोणाशी ठरविण्याचा प्रश्न सहसा उद्भवू नये.

आणखी एक कसोटी लावणे योग्य होईल. सहल नेणारा मनुष्य पाय कोठे टेकू देतो? प्रवाळ दगडासारखा दिसला तरी तो सजीवांची वसाहत आहे. एका परीच्या फटकाऱ्याने वर्षानुवर्षांची वाढ तुटते. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी समुद्राचे पाणी तापून येथील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले, २०२४ मध्येही तोच प्रकार घडला. आधीच आजारी असलेल्या या कड्यावर बेटांचे सर्व काही अवलंबून आहे. समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंचीच्या या जमिनीला लाटांपासून वाचविणारी दुसरी भिंत नाही. १८४७ च्या वादळाने कल्पेनीच्या किनाऱ्यावर फेकलेला प्रवाळखंडांचा बांध आजही समुद्राच्या ताकदीची साक्ष देतो. गळाने ट्यूना पकडणारे मच्छीमार आमिषासाठी लागणारे जिवंत छोटे मासे याच खाजणातून धरतात. म्हणजे पर्यटकाच्या पायाखाली मोडते ते कोणाच्या तरी ताटातले असते. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाखाली २००१ साली पोवळ्यांना संरक्षण देण्यात आले असून, शाळेच्या संग्रहालयासाठी म्हणून ‘एकच तुकडा’ उचलणेही गुन्हा ठरतो. विज्ञान शिक्षकांनी हे विशेष लक्षात ठेवावे. उन्हासाठी मलमाचे थर लावण्याऐवजी पूर्ण बाह्यांचा सदरा घालून उतरावे. पाठ भाजत नाही आणि पाण्यात रसायनेही उतरत नाहीत.

रांगेतील त्या कुटुंबाकडे पुन्हा वळल्यास त्यांचा तक्ता आता असा भरला जाईल. मुख्याध्यापक व त्यांच्या पत्नी काचतळाच्या नावेत. दोघांनाही तेच मासे, तेच प्रवाळ कोरड्या अंगाने दिसतील. सून व नात सकाळी दोघींच्या कयाकमध्ये, वारा वाढण्याच्या आत. मुलगा नातीसह किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात स्नॉर्केलिंगला, जाकीट घालून. एकत्र सहल या खेपेस कोणीच घेणार नाही. होडीवर चढण्याची तालीम झालेली नाही, एवढे कारण पुरेसे आहे.

ती तालीम घरूनच सुरू करता येते. निघण्यापूर्वी महिनाभर आधी तालुक्याच्या जलतरण तलावात, शिक्षकाच्या देखरेखीखाली, मुखवटा व नळी लावून दोन-तीनदा तासभर पडून राहावे. नळीत पाणी शिरले की जोराने फुंकून ते बाहेर कसे टाकावयाचे, हे तेथेच शिकावे. ज्यांना शक्य असेल त्यांनी मालवणला जाऊन सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील पाण्यात प्रत्यक्ष समुद्राचा अनुभव घ्यावा. १९८७ पासून सागरी अभयारण्य असलेल्या त्या भागात खडकांभोवती मासे पुष्कळ दिसतात. तलावातील पहिल्या दिवशी बहुतेकांचा मुखवटा गळतो. पुरुषांच्या बाबतीत त्याचे कारण बहुधा ओठांवरच असते, आणि मिशा ठेवावयाच्या, पेट्रोलियम जेली फासावयाची की वस्तरा लावावयाचा, याचा निकाल त्या तासाभरात लागून जातो.