चहाच्या वाटेवर



१८४८ सालच्या शरद ऋतूत शांघायहून हांगझोऊकडे निघालेल्या एका नावेत रॉबर्ट फॉर्च्यून नावाच्या स्कॉटिश माणसाचं डोकं भादरणं चाललं होतं. वस्तरा त्याच्या बरोबरच्या हमालाच्या हातात होता. या हमालाने यापूर्वी कुणाची हजामत केलेली नसावी, असं फॉर्च्यूनने पुढे लिहिलं आहे. डोळ्यांतून पाणी वाहू लागेपर्यंत त्याने डोकं खरवडलं, आणि नावाडी बाहेरून डोकावून हसत होते. मग मागच्या केसांना लांब वेणी जोडली, अंगात चिनी पोशाख चढला. वाटेत कुणी विचारलंच तर सांगायचं ठरलं, की साहेब भिंतीपलीकडच्या दूरच्या मुलखातले आहेत. भिंत म्हणजे अर्थात चीनची मोठी भिंत.

हे सोंग कशासाठी, ते थोडक्यात सांगतो. पहिल्या अफूयुद्धानंतर, १८४२ च्या नानकिंगच्या तहाने, चीनला पाच बंदरं परदेशी लोकांना खुली करावी लागली होती. बंदराच्या आसपास फिरायला हरकत नव्हती, पण आत देशात खोलवर जायला परदेशी माणसाला मनाई होती. आणि चहा पिकत होता आतच, डोंगरांत. ईस्ट इंडिया कंपनीला हिमालयाच्या पायथ्याशी काढलेल्या आपल्या मळ्यांसाठी चांगल्या जातीची रोपं, बी आणि चहा बनवणारे जाणते कारागीर हवे होते. फॉर्च्यून हा मूळचा माळी. १८४३ पासून तीनेक वर्षं लंडनच्या बागायती संस्थेसाठी तो चीनमधून झाडं गोळा करून आला होता. कंपनीने त्याला वर्षाला ५०० पौंड पगार देऊ केला आणि पुन्हा पाठवलं.

या व्यापाराचा एक धागा आपल्या मुंबईतूनही जातो. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची आणि तिच्या पैशावर इंग्रजांची चहाची खरेदी व्हायची. जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्या मुंबईच्या व्यापाऱ्यांची संपत्ती याच चीनच्या व्यापारात उभी राहिली. फॉर्च्यूनलाही वाटेत, नावांमध्ये आणि खाणावळींमध्ये, अफू ओढत पडलेली माणसं दिसत होती.

फॉर्च्यूनला पुष्कळ लोक चहाचोर म्हणतात. ते खोटं नाही. पण १८५२ साली छापलेलं त्याचं प्रवासवर्णन वाचताना माझं मन चोरीपेक्षा वाटेवर रेंगाळतं. हा माणूस यशस्वी झाला तो वेशांतराच्या कौशल्याने नव्हे, असं माझं मत आहे. तो यशस्वी झाला, कारण चीन हा तेव्हा सतत प्रवास करणाऱ्यांचा देश होता. व्यापारी, परीक्षेला निघालेले विद्यार्थी, भिक्षू, हमाल असे सगळे वाटेवर असायचे. प्रांताप्रांताची बोली वेगळी. एखादा प्रवासी नीट बोलू शकला नाही तर नवल कुणाला वाटणार? अनोळखी माणसाला झोपायला जागा, गरम पाणी आणि भात देणारी एक मोठी व्यवस्था त्या देशात शेकडो वर्षं चालत आली होती. फॉर्च्यून त्या व्यवस्थेत शिरला आणि तिने त्याला आत नेलं.

पहिला टप्पा नदीचा. हांगझोऊ शहर टाळून बाहेरून जायचा त्याचा बेत होता, पण डोलीवाल्यांनी त्याला थेट शहराच्या मधून नेलं. तिथून पुढे नदीच्या उलट्या प्रवाहातून हुइझोऊ या हिरव्या चहाच्या मुलखाकडे. सपाट तळाची लांब नाव, आत दाटीवाटीने माणसं आणि माल. खळाळत्या जागी नाव वर चढवायची म्हणजे माणसांनी काठावरून दोर लावून ओढायची. नावेवरचं जेवण म्हणजे मुख्यतः भात. सोबतचं कालवण, भाजी, मासळी ज्याची त्याने पाहायची. चहाही ज्याचा त्याचाच. पण उकळतं पाणी मात्र केव्हाही मागावं, मिळायचं. पेल्याच्या तळाशी पानं टाकायची, वरून पाणी ओतायचं, झालं. दूध नाही, साखर नाही. चहाच्या देशात चहा पिण्याची ही साधी रीत फॉर्च्यूनने आवर्जून नोंदवली आहे, कारण लंडनमधले त्याचे वाचक दूध-साखरेशिवाय चहा घशाखाली उतरवू शकत नव्हते.

ज्या खोऱ्यातून तो वर गेला, त्यातला बराच भाग आज पाण्याखाली आहे. १९५९ साली शिनआन नदीवर मोठं धरण झालं आणि जुनी गावं, शेतं बुडून तिथे हजार बेटांचा तलाव तयार झाला. हांगझोऊहून त्या डोंगराळ भागाकडे २०१८ च्या डिसेंबरात वेगवान रेल्वे सुरू झाली. आता हे अंतर दोन तासांच्या आत कापलं जातं. फॉर्च्यूनला त्याला कित्येक दिवस लागले. एका अर्थी ते बरंच झालं. संथ चालणाऱ्या नावेतून तो खाली उतरायचा, काठावरच्या टेकड्या पालथ्या घालायचा आणि झाडं बघून पुन्हा नाव गाठायचा.

खाणावळीतलं जेवण ही मात्र परीक्षा होती. पूर्वीच्या मुक्कामात त्याने काड्यांनी जेवायचा सराव केला होता, पण मध्ये बराच काळ गेला होता. डोकं भादरलं, कपडे बदलले, तरी हातातला घास निसटला की माणूस उघडा पडणार. सोंग टिकवायचं ते ताटावर. म्हणून त्याच्या वर्णनात काड्यांविषयी जी सावधगिरी दिसते, ती मला अगदी खरी वाटते.

हुइझोऊच्या भागात त्याने हिरव्या चहाचा कारखाना पाहिला. त्याच्या सगळ्या प्रवासातला हा प्रसंग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कामावरचा मुकादम प्रशियन ब्लू नावाचा निळा रंग खलात घालून बारीक कुटत होता. दुसरीकडे जिप्सम निखाऱ्यावर भाजून त्याची पूड चालली होती. जिप्समचे चार भाग आणि निळ्या रंगाचे तीन, असं मिश्रण करून फिकट निळी भुकटी तयार झाली. चहाची पानं कढईत शेवटची भाजली जात असताना चिनी मातीच्या छोट्या चमच्याने ही भुकटी प्रत्येक कढईत टाकली गेली, आणि कामगार दोन्ही हातांनी पानं भराभर उलटीपालटी करू लागले, म्हणजे रंग सगळीकडे सारखा बसावा. त्यांचे हात निळे झाले होते. फॉर्च्यूनने हिशेब मांडला, की इंग्लंड-अमेरिकेत असा रंगवलेला चहा शंभर पौंड प्यायला गेला, तर त्याबरोबर अर्ध्या पौंडाहून जास्त निळा रंग आणि जिप्सम लोकांच्या पोटात जातं.

असला रंगवलेला चहा चिनी लोक स्वतः पीत नव्हते. परदेशी गिऱ्हाइकाला चहा एकसारखा हिरवागार दिसायला हवा असतो, त्याला दामही जास्त मिळतो, मग आपलं काय जातं, हे त्यांचं म्हणणं. फॉर्च्यूनने रंगाचे नमुने मिळवले आणि ते १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात मांडले गेले. यात मला चिनी कारागिराचा दोष कमी दिसतो. पान कसं असतं हे न बघता, नुसत्या रंगावर भाव ठरवणाऱ्या गिऱ्हाइकाने ही भेसळ मागून घेतली होती.

याच प्रवासांत आणखी एक गाठ सुटली. युरोपातले वनस्पतीशास्त्रज्ञ लिनियसपासून हिरव्या आणि काळ्या चहाची दोन वेगळी झाडं मानत आले होते. फॉर्च्यूनने दोन्ही चहांचे मुलूख पायाखाली घातले आणि पाहिलं, की झाड एकच. पान तोडल्यावर लगेच भाजलं की हिरवा चहा; तेच पान पसरून, चाळवून, कोमेजू देऊन मग भाजलं की काळा. फरक सगळा हातांच्या कामात होता.

काळ्या चहासाठी १८४९ साली तो फूज्येन प्रांतातल्या वुई डोंगरांकडे निघाला. बरोबर सिंग हू नावाचा नोकर होता. नदीने च्यांगशी प्रांतातल्या हेकोऊ या गजबजलेल्या चहाच्या पेठेपर्यंत, आणि तिथून डोलीने घाट चढायचा. डोंगरातली डोली म्हणजे थाटाचा मेणा नव्हे. बांबूची हलकी बैठक, पाय टेकायला आडवी काठी, आणि भोयांच्या खांद्यावर दोन बांबू. चढ फार खडा आला की उतरून चालायचं.

या घाटातून चहा खाली येत होता. फॉर्च्यूनने वाटेवरच्या हमालांकडे जितक्या बारकाईने पाहिलं, तितकं फार थोड्या प्रवाशांनी पाहिलं असेल. हलका चहा कावडीने चालायचा: बांबूच्या दोन टोकांना दोन खोकी. दमला हमाल की कावड खाली ठेवायचा. खोकी चिखलात टेकली तरी चालायचं. पण उंची चहाची गोष्ट निराळी. त्याला माणसामागे एकच खोकं, आणि ते खोकं सबंध वाटेत एकदाही जमिनीला टेकता कामा नये. त्यासाठी काय करायचं? खोक्याच्या दोन बाजूंना सात-सात फुटांचे दोन बांबू बांधायचे आणि त्यांची पुढची टोकं एकत्र आणून आवळायची. मधल्या त्रिकोणात हमालाचं डोकं, खोकं खांद्यावर, बांबू समोर निघालेले. विसावा घ्यायचा झाला की बांबूंची जुळलेली टोकं जमिनीवर टेकवून सगळं उभं करायचं. भार बांबूंवर जातो, खोकं वर अधांतरी राहतं, आणि हमालाला नुसता हात लावून तोल धरावा लागतो. रात्री खाणावळीत हे सगळं तसंच भिंतीला टेकून उभं. खाली माणूस जमिनीवर निजलेला, वर चहा.

लंडनमधल्या एखाद्या घरात पाहुण्यांसमोर हा चहा आला असेल तेव्हा त्याच्या वासाची तारीफ झाली असेल. त्या वासासाठी एक माणूस डोंगर ओलांडताना आपल्या खांद्यावरचं ओझं जमिनीला लागू देत नव्हता, हे तिथे कुणाच्या ध्यानी येणार? घाट उतरल्यावर पुन्हा नावा, पोयांग सरोवर, नदी, मग मेईलिंगची खिंड आणि तिथे पुन्हा हमालांचे खांदे, असं करत चहा कँटन बंदराला पोहोचायला दीड-दोन महिने लागत. फॉर्च्यूनने टप्प्याटप्प्याचा खर्च लिहून काढला, आणि व्यापाऱ्यांना त्याचं पुस्तक उपयोगी पडलं ते याच आकड्यांसाठी.

वुई डोंगरात तो देवळांमध्ये उतरला. तिथले भिक्षू स्वतः चहा पिकवत. प्रवासी दारात आला की आधी चहा, मग विचारपूस. जेवायला टेबलावर छोटे छोटे वाडगे मांडले गेले: भाज्या, बांबूचे कोंब, अळंबी आणि भात. म्हातारा भिक्षू हे घ्या, ते घ्या, असा घासाघासाला आग्रह करत होता. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत वाढपी जसे नको नको म्हणताना वाढून जातात, त्याची आठवण यावी असं ते वर्णन आहे. जेवण झाल्यावर गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं हातात दिलं. त्याने तोंड-हात पुसले की उन्हाळ्यातही थकवा जातो, असं फॉर्च्यून लिहितो, आणि ही रीत त्याला आवडली होती. पाणी डोंगरातलं, पान त्याच उतारावरचं. तो चहा त्याने बिनसाखरेचा प्यायला आणि मनापासून वाखाणला.

इथे मात्र मला थांबून बोलावंसं वाटतं. ज्या माणसांनी त्याला जेवू घातलं, त्यांना तो कोण आहे हे ठाऊक नव्हतं. त्याने दिलेल्या चहाच्या पैशांविषयी, खरेदी केलेल्या बियांविषयी तो मोकळेपणाने लिहितो. पण या विश्वासाचं काय, याविषयी त्याच्या पुस्तकात मला एक ओळही सापडत नाही. तो कृतघ्न नव्हता. चिनी माणसांविषयी त्या काळच्या अनेक इंग्रजांपेक्षा तो आदराने लिहितो. पण यजमानाला फसवून नेलेल्या वस्तूचा हिशेब केवळ रोपांच्या किमतीत होत नाही, आणि त्या हिशेबाला तो हातच घालत नाही.

बियांची कथा सांगतो आणि संपवतो. चहाचं बी फार दिवस टिकत नाही. नुसतं पिशवीत भरून पाठवलं तर समुद्रातच मरतं. फॉर्च्यूनने तुतीची रोपं लावलेल्या बंद काचपेट्यांमध्ये, रोपांच्या मधल्या मातीत, चहाचं बी दाट पेरलं. डॉक्टर वॉर्ड यांनी शोधून काढलेल्या या पेट्यांत आतली वाफ पुन्हा पाणी होऊन मातीत झिरपते आणि वाऱ्याचा खारटपणा आत येत नाही. कोलकात्याला पेट्या उघडल्या तेव्हा बी रुजलेलं होतं. १८५१ च्या मार्चमध्ये तो स्वतः चिनी कारागिरांना घेऊन कोलकात्याला उतरला, आणि बारा हजारांहून अधिक रोपं हिमालयाच्या बाजूला पोहोचली. आपल्या पेल्यातला सगळा चहा याच रोपांचा, असं मात्र समजू नका. आसामात जंगली चहाचं झाड आधीच सापडलं होतं, १८३९ मध्ये आसामचा चहा लंडनला लिलावात विकलाही गेला होता, आणि आपण घरी उकळतो तो बहुतांशी त्याच जातीचा. चिनी जातीची झुडपं दार्जिलिंगच्या उतारांवर टिकून राहिली.

फॉर्च्यूनचं पुस्तक आता जुनं झालं, स्वामित्वहक्क संपला, कुणालाही वाचायला मिळतं. इंग्रजी सोपं आहे. हाती आलं तर हेकोऊहून घाट चढण्याची प्रकरणं आधी वाचा. बागकामाची आवड असणाऱ्यांनी शेवटची, काचपेट्यांची.