दुसरी जोडणी कशी असावी?

भवानीनगरच्या श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला, म्हणजे उसाने लादलेल्या उंच गाड्या रस्त्यावर येतात. रस्ता ओलांडणारी इंटरनेटची तार सैल लोंबत असेल, तर ती उसात अडकून तुटते आणि मुलांचा घरबसल्या चाललेला पाठ अर्ध्यावरच थांबतो. यास्तव दुसरी जोडणी घेणे इष्ट. परंतु तीही त्याच खांबावरून आली, तर दोन्ही एकदमच जाणार! एक तारेची व दुसरी मोबाईलची असावी. दोन जोडण्या घेणारा राउटर पहिली बंद पडताच दुसरीकडे वळतो; मात्र इंटरनेटवरील पत्ता बदलल्याने चालू संभाषण बहुधा क्षणभर तुटते. दोहोंचा वेग खरोखर एकत्र करावयाचा, तर पलीकडच्या टोकासही जुळणी करणारा सर्व्हर लागतो. शिक्षकाने त्या खर्चात न पडता प्रथम राउटरला बॅटरी जोडावी. वीज गेल्यावर तार शाबूत असूनही उपयोग नसतो.