दिव्यांग बालकांचे खेळ आणि स्वयंसेवकाचे कार्य
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील व्याख्यान)



खेड्यातील मुलांच्या खेळात ‘कच्चे लिंबू’ नावाची एक जुनी रीत आहे. डाव मांडताना एखादे लहान भावंड रडू लागले, म्हणजे मोठी मुले त्यास खेळात घेतात; परंतु ते बाद झाले तरी बाद धरीत नाहीत आणि त्याने कोणास शिवले तरी त्या गड्यावर राज्य येत नाही. ते मैदानावर असते, धावतेही. मात्र डावाच्या हिशेबात त्यास स्थान नसते. लहान मुलाच्या बाबतीत यात वावगे काही नाही. वर्षा-दोन वर्षांत ते मोठे होते आणि पक्का गडी बनते. परंतु ज्याचा पाय अधू आहे, ज्यास दिसत नाही, ऐकू येत नाही किंवा ज्याच्या बुद्धीची वाढ सावकाश होत आहे, असे मूल पुष्कळदा शाळा सोडीपर्यंत कच्चे लिंबूच राहते. कित्येकदा तर तेवढेही त्याच्या वाट्यास येत नाही. खेळाच्या तासाला ते कडुनिंबाखाली इतरांच्या चपला राखीत बसते, अथवा गुण लिहिण्याचे काम त्याजकडे सोपविले जाते. शिक्षकाच्या मनात यामागे दुष्टावा नसतो, कणवच असते. परंतु या कणवेपायी त्या बालकाची खेळण्याची वर्षे निघून जातात आणि ती पुन्हा येत नाहीत.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. शाळेने अशा बालकास भेदभाव न करता प्रवेश द्यावा, एवढ्यावरच हा कायदा थांबत नाही. खेळाची व करमणुकीची संधीही इतरांच्या बरोबरीने द्यावी, असे तो सांगतो. तेव्हा खेळ ही दयेने द्यावयाची वस्तू नव्हे, ते शाळेचे कर्तव्य होय. मात्र कर्तव्य कागदावर लिहिले म्हणजे पार पडते असे नाही. ते पार पाडण्यास मैदानावर माणूस लागतो. तो माणूस म्हणजे स्वयंसेवक. तो शिक्षक असेल, माजी विद्यार्थी असेल, तालमीतला तरुण असेल, वा कोणा मुलाची आईही असेल. त्याने काय करावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोठे थांबावे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

या कार्याचा इतिहास थोडक्यात पाहणे उपयुक्त ठरेल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळी पाठीच्या कण्याला इजा झालेले सैनिक बहुधा दोन-तीन वर्षांच्या आत शय्याव्रणांनी व मूत्रमार्गाच्या विकारांनी दगावत असत. लुडविग गुटमान हे जर्मनीतून १९३९ साली इंग्लंडमध्ये आश्रयास आलेले ज्यू वैद्य. १९४४ मध्ये स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात अशा रुग्णांचा विभाग त्यांच्याकडे आला. त्यांनी रुग्णांना अंथरुणावर पडू दिले नाही. उपचाराचे अंग म्हणून त्यांना चाकांच्या खुर्चीत बसवून खेळावयास लावले. २९ जुलै १९४८ रोजी लंडन येथे ऑलिंपिक सामन्यांचे उद्घाटन होत असता त्याच दिवशी या रुग्णालयाच्या आवारात १४ पुरुष व २ स्त्रिया अशा १६ जणांनी धनुर्विद्येची स्पर्धा केली. याच रोपट्यातून १९६० साली रोम येथे २३ देशांतील सुमारे ४०० खेळाडूंचे सामने भरले. आज ते पहिले पॅरालिंपिक सामने म्हणून ओळखले जातात.

या परंपरेत महाराष्ट्राचाही मानाचा वाटा आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर हे सैन्यातील मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात ते गोळ्या लागून जायबंदी झाले. उपचाराचा भाग म्हणून त्यांनी पोहण्यास आरंभ केला आणि १९७२ साली जर्मनीतील हाइडेलबर्ग येथे ५० मीटर जलतरणात सुवर्णपदक मिळविले. पॅरालिंपिकमधील भारताचे ते पहिले सुवर्णपदक. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. त्याच सांगली जिल्ह्यातील सचिन खिलारी यांनी २०२४ साली पॅरिस येथे गोळाफेकीत १६.३२ मीटर अंतर गाठून रौप्यपदक मिळविले. त्या सामन्यांत भारताला एकूण २९ पदके प्राप्त झाली.

बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांच्या खेळाची चळवळ मात्र रुग्णालयात न जन्मता एका घराच्या अंगणात जन्मली. अमेरिकेतील युनिस केनेडी श्रायव्हर यांच्या सख्ख्या बहिणीला असे दिव्यांगत्व होते. १९६२ च्या उन्हाळ्यात त्यांनी मेरीलँड राज्यातील आपल्या घरी अशा मुलांसाठी शिबिर भरविले. शाळा-महाविद्यालयांतील तरुणांना त्यांनी साहाय्यास बोलाविले आणि जवळजवळ प्रत्येक मुलामागे एक तरुण अशी व्यवस्था ठेविली. पुढे २० जुलै १९६८ रोजी शिकागो येथे सुमारे एक हजार खेळाडूंचे पहिले ‘स्पेशल ऑलिंपिक्स’ सामने झाले. ही संघटना आता भारतातही कार्य करते. तिचे सारे बळ स्वयंसेवकांवर उभे आहे. दिव्यांग व अदिव्यांग खेळाडूंचा एकच संघ करण्याची पद्धतीही तिने रूढ केली आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. साहाय्य किती करावे, याचे उत्तर या खेळांच्या नियमांतच दडलेले आहे. अंध धावपटूबरोबर एक डोळस सोबती धावतो. दोघे एकाच आखूड दोरीची टोके धरतात. सोबत्याने वळण सांगावे, अंतर सांगावे. पण धावपटूस ओढू नये वा ढकलू नये. शेवटची रेषा धावपटूनेच आधी ओलांडली पाहिजे. सोबती पुढे गेला तर ती शर्यत बाद ठरते. ‘बोचिया’ हा चेंडू नेमापाशी टाकण्याचा खेळ मेंदूच्या पक्षाघातामुळे हात-पाय आवरत नाहीत अशांसाठी आहे. ज्यास चेंडू फेकणे मुळीच जमत नाही, त्यास घसरगुंडीसारखी पन्हळ देतात आणि ती हलविण्यास एक साहाय्यक असतो. परंतु त्या साहाय्यकाने मैदानाकडे पाठ करूनच बसावयाचे असते, मागे वळून पाहावयाचे नसते. पन्हळ किती फिरवावयाची, हे खेळाडू ठरवितो आणि चेंडूही तोच सोडतो. ‘गोलबॉल’ हा युद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी १९४६ साली निघालेला खेळ. त्यात चेंडूत घुंगरू असतात. त्यांचा नाद खेळाडूंना ऐकू यावा म्हणून चेंडू चालू असेपर्यंत प्रेक्षकांनी टाळीही वाजवू नये, असा नियम आहे. येथे गप्प बसणे हेच साहाय्य होय.

अंधांच्या क्रिकेटची व्यवस्थाही अशीच मननीय आहे. चेंडूत छर्रे असल्याने तो वाजतो. गोलंदाज ‘तयार का?’ असे विचारतो, फलंदाज होकार देतो आणि मगच चेंडू हाताखालून टाकला जातो. अकरा जणांत किमान चार खेळाडू पूर्ण अंध असलेच पाहिजेत, आणि पूर्ण अंध फलंदाजाची एक धाव दोन म्हणून मोजली जाते. कच्च्या लिंबाच्या रीतीशी हा नियम ताडून पाहावा. सवलत दोन्हीकडे आहे. परंतु एकीत मुलाचे खेळणे हिशेबाबाहेर ठेविले जाते, तर दुसरीत त्याचे खेळणे संघाला हवेसे होते. चार पूर्ण अंध गडी असल्यावाचून संघ उभाच राहत नाही. स्वयंसेवकाने गावच्या मैदानावर एखादा नियम बदलताना हीच कसोटी लावावी. बदललेल्या नियमाने त्या मुलाची खेळी मोजली जात असेल तर तो बदल योग्य. मोजली जात नसेल तर ती केवळ समजूत घालणे होय.

याकरिता खर्चिक साहित्याची आवश्यकता नाही. आपल्या बालकांना लंगडी व आंधळी कोशिंबीर हे खेळ ठाऊक आहेत. धडधाकट मुले स्वखुशीने एक पाय उचलतात, डोळ्यांना पट्टी बांधतात आणि तरीही डाव चुरशीचा होतो. गोलबॉलमध्येही सर्वच खेळाडूंच्या डोळ्यांवर पट्टी असते. अर्थात् या खेळांच्या नावांनी वर्गमित्रास हाक मारणे शिक्षकाने कटाक्षाने थांबवावे.

ज्यास दिसत नाही त्याच्यासाठी रबरी चेंडू कागदासारख्या करकरणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधला, म्हणजे तो वाजू लागतो. मैदानाच्या रेषेवर सुतळी अंथरून तिची टोके पक्की केली, तर पायाला रेषा कळते. दोन खांबांमध्ये कमरेच्या उंचीवर दोर ताणून त्यात एक कडे ओवावे. ते कडे धरून मुलाला एकट्याने मोकळे धावता येते. दोर संपण्यापूर्वी काही पावलांवर एक गाठ मारावी, म्हणजे थांबण्याची सूचना हातालाच मिळते. ज्यास ऐकू येत नाही त्याला शिट्टीचा उपयोग नाही. त्याच्यासाठी रुमाल वा झेंडा खाली आणून शर्यत सोडावी. कर्णबधिरांचे आंतरराष्ट्रीय सामने तर १९२४ पासून, म्हणजे पॅरालिंपिकच्याही पुष्कळ आधीपासून भरत आहेत. अशा मुलाला नियम सांगताना त्याच्यासमोर, उजेडाकडे तोंड करून उभे राहावे आणि एकदा प्रत्यक्ष खेळून दाखवावे.

ज्याचे पाय अधू आहेत त्यास लगोरीत चेंडू मारण्याचा पहिला मान बसल्या जागेवरून द्यावा व धावण्याचे काम जोडीदाराने करावे. लगोरी फुटली तर ती त्या दोघांची. बसून चेंडूफेक, टायरमधून चेंडू पार करणे, या स्पर्धांत तर साऱ्या वर्गालाच स्टुलावर बसवून उतरविता येते. बुद्धीची वाढ सावकाश होणाऱ्या मुलाला एका वेळी एकच सूचना द्यावी, क्रम रोज तोच ठेवावा आणि जोडीदार शक्यतो बदलू नये. कोणताही बदल करण्यापूर्वी खुद्द त्या मुलास विचारावे. किती अंतरावरून फेकशील, कोणता हात देऊ, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक नसते.

काही बाबतींत दक्षता घेणे अगत्याचे आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेतील वरचे दोन मणके सैल असतात. म्हणून वैद्याच्या परवानगीवाचून त्यांना कोलांटउडी वा डोक्यावर भार येणारा व्यायाम देऊ नये. फेफरे येणाऱ्या मुलास पाण्यात वा उंचावर एकटे सोडू नये. ज्याच्या पायांना संवेदना नाही त्यास तापलेल्या जमिनीचा चटका वा खड्याची जखम कळत नाही. खेळ संपल्यावर पाय पाहण्याची सवय त्यास लावावी. चाकांच्या खुर्चीला त्या मुलाला न विचारता हात लावू नये, कारण ती त्याच्या शरीराचाच भाग आहे. बाहेरून आलेल्या स्वयंसेवकास मुलांजवळ एकटे ठेवू नये. पालकांच्या संमतीवाचून छायाचित्र घेऊ नये आणि समारंभात कोणा मुलाला दयेचा विषय म्हणून व्यासपीठावर उभे करू नये. शंका आल्यास तालुक्याच्या गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांचा सल्ला घ्यावा.

स्वयंसेवक मिळविणे खेड्यात कठीण नाही. टिकविणे कठीण आहे. क्रीडादिनी पाहुणे पुष्कळ येतात, पण मुलाला त्या एका दिवसाचा उपयोग थोडा. आठवड्यातून ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी येणारा एक तरुण शाळेला अधिक मोलाचा. जो न चुकता येतो त्याची मूल वाट पाहते, आणि जो येऊन मध्येच नाहीसा होतो तो त्या मुलास पुन्हा कडुनिंबाखाली नेऊन बसवितो. म्हणून प्रारंभी थोडेच वचन घ्यावे, परंतु ते पाळले जाईल असे पाहावे. वर्गातील मुले हीदेखील उत्तम स्वयंसेवक होत. त्यांना मात्र जोडीदार पाळीपाळीने नेमावे, म्हणजे साहाय्य हे कोणा एकाचे ओझे होत नाही.

मुख्याध्यापकांनी या सत्राच्या आरंभी एक साधी नोंद करावी. शाळेतील प्रत्येक दिव्यांग बालकाच्या नावापुढे, खेळाच्या तासाला ते किती मिनिटे खेळले आणि किती मिनिटे नुसते पाहत बसले, हे महिन्यातून एकदा लिहावे. पहिल्या महिन्यातील आकडे पाहून संकोच वाटेल. तो वाटून न घेता एका मुलापासून, एका खेळापासून व एका बदललेल्या नियमापासून आरंभ करावा. पुढील शिक्षण परिषदेस येताना प्रत्येक शाळेने आपण कोणता नियम बदलला आणि तो कोणत्या मुलाने सुचविला, एवढे लिहून आणावे, म्हणजे एका गावचा अनुभव दुसऱ्या गावच्या मुलांच्या उपयोगी पडेल.